विल्यम लॅम्बटन : डोंगरमाथ्यांचा मोजणीदार

पाठाचा परिचय

डोंगर चढणे हा आज अनेकांचा छंद आहे. कोणत्या डोंगरावर जावे आणि कोणत्या महिन्यात जावे, हे दोन प्रश्न प्रत्येक गिरिभ्रमण करणाऱ्यापुढे असतात. दोनशे वर्षांपूर्वी हेच दोन प्रश्न विल्यम लॅम्बटन यांच्यापुढे उभे होते. डोंगर चढण्यामागे त्यांचा हेतू आनंदाचा नव्हता. डोंगरमाथ्यांवरून त्यांना हिंदुस्थानची भूमी मोजायची होती. त्यासाठी त्यांनी आयुष्याची वीसहून अधिक वर्षे वेचली. कन्याकुमारीपासून निघालेल्या त्यांच्या मोजणीचा धागा पुढे हिमालयापर्यंत पोहोचला. त्यांच्या जीवनातील एक कसोटीचा प्रसंग तंजावर येथे घडला आणि त्यांचा शेवट महाराष्ट्रातील हिंगणघाट येथे झाला. त्यांच्या कार्याची ओळख या पाठात करून दिली आहे.

शेतकऱ्याच्या घरातून सैन्यात

अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात, एका साध्या शेतकरी कुटुंबात विल्यम लॅम्बटन यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताची होती. परंतु गणितात त्यांची बुद्धी विशेष चालत असे. पुढे ते सैन्यात दाखल झाले आणि १७८१ मध्ये अमेरिकेतील युद्धावर गेले. तेथे ते युद्धकैदी झाले. सुटका झाल्यावर अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरील प्रदेशाच्या मोजणीचे काम त्यांच्याकडे आले. घनदाट जंगलातील त्या कामामुळे मोजणीचे शास्त्र त्यांच्या हाती बसले. त्याच काळात सूर्यग्रहण पाहताना त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. ज्या माणसाला पुढे आयुष्यभर दुर्बिणीतून दूरचे डोंगर न्याहाळायचे होते, त्याला ते एकाच डोळ्याने न्याहाळावे लागले.

अमेरिकेत त्यांची बरीच वर्षे गेली. सैन्यातील बढती मंदगतीने होत होती. लॅम्बटन स्वभावाने अबोल आणि संकोची होते. फावला वेळ ते गणित आणि खगोलशास्त्र यांवरील ग्रंथांच्या वाचनात घालवीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांची पलटण हिंदुस्थानात आली, तेव्हा त्यांनी वयाची चाळिशी ओलांडली होती.

१७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईत ते श्रीरंगपट्टणच्या मोहिमेवर होते. एका रात्री अंधारात कूच करणारे सैन्य भलत्याच दिशेने जात असल्याचे त्यांनी आकाशातील ताऱ्यांवरून ओळखले आणि ते वरिष्ठांच्या ध्यानात आणून दिले. पुस्तकातून मिळवलेले ज्ञान रणांगणावरही उपयोगी पडते, हे त्या रात्री सर्वांना दिसून आले.

मोजणीची कल्पना

म्हैसूरचे राज्य पडल्यानंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात मोठा प्रदेश आला. परंतु त्याचे नकाशे भरवशाचे नव्हते. प्रवासाला लागणारे दिवस आणि चालीचा वेग यांवरून अंतरे काढलेली असत. लॅम्बटन यांनी सरकारपुढे एक योजना मांडली. पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची एक साखळी टाकावी आणि तिच्या आधारे सर्व ठिकाणांची स्थाने अचूक ठरवावीत, अशी ती योजना होती. पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे, हा त्या काळातील शास्त्रज्ञांना पडलेला प्रश्नही या मोजणीतून सोडवता येईल, असा त्यांचा विश्वास होता. नकाशा ही राज्यकर्त्यांची गरज होती. सैन्य हलवणे आणि सारा वसूल करणे त्यामुळे सोपे होणार होते. लॅम्बटन यांच्या मनात मात्र शास्त्राची ओढ अधिक होती.

ही योजना सर्वांनाच पटली नाही. पालखी वाहणाऱ्या भोयांना सगळ्या वाटा ठाऊक असतात, मग एवढा खर्च कशासाठी, असेही एका अधिकाऱ्याला वाटले. तरीही १८०० मध्ये योजनेला मान्यता मिळाली.

साधने जमवणे हेही सोपे नव्हते. शंभर फूट लांबीची पोलादी साखळी मिळाली ती चीनच्या बादशहासाठी नेलेल्या आणि परत आलेल्या भेटवस्तूंतून. कोन मोजण्याचे मोठे यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, इंग्लंडहून मागवले होते. ते घेऊन येणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडले. परंतु हे यंत्र शास्त्राच्या कामासाठी आहे, हे कळल्यावर मॉरिशस बेटावरील फ्रेंच गव्हर्नराने ते सन्मानपूर्वक मद्रासला पाठवून दिले. दोन देशांत वैर असतानाही ज्ञानाचा असा आदर राखला गेला.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळील सेंट थॉमस माउंट या टेकडीच्या परिसरात प्रत्यक्ष कामाला आरंभ झाला. प्रथम सुमारे साडेसात मैल लांबीची एक सरळ आधाररेषा मोजली गेली. त्यासाठी शंभर फुटांची साखळी सुमारे चारशे वेळा मांडावी लागली. उन्हाने पोलाद तापले की ते किंचित लांबते. म्हणून साखळी लाकडी पेट्यांत ठेवून तिच्यावर सावली धरली जाई आणि जवळच तापमापक ठेवलेले असत. एवढ्या बारकाईचे कारण उघड होते. पायाच चुकला, तर पुढची सगळी इमारत चुकते.

डोंगराची निवड

त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या दोन्ही टोकांचे कोन माहीत असले, की उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. मग त्या बाजूंवर नवे त्रिकोण रचता येतात. जमिनीवर पुन्हा पुन्हा साखळी टाकण्याची गरज उरत नाही. मात्र त्यासाठी एक अट आहे. त्रिकोणाचा प्रत्येक कोपरा दुसऱ्या दोन कोपऱ्यांवरून स्पष्ट दिसला पाहिजे. म्हणूनच लॅम्बटन यांना डोंगर हवे होते.

परंतु कोणताही डोंगर चालत नसे. सर्वांत उंच डोंगर हाच सर्वांत उपयोगी, असेही नव्हते. माथ्यावरून तीस-चाळीस मैलांवरचे दुसरे माथे दिसले पाहिजेत, मध्ये दुसरी रांग आड येता कामा नये आणि त्रिकोण फार चिंचोळा होता कामा नये. शिवाय अर्धा टन, म्हणजे सुमारे पाचशे किलो वजनाचे यंत्र माणसांच्या खांद्यांवरून तेथवर नेता आले पाहिजे. पथकात शेकडो माणसे असत. त्यांच्यासाठी पाणी आणि धान्यही जवळपास मिळायला हवे. म्हणून पुढे जाऊन डोंगर पाहणे, वाट शोधणे, माथ्यावरची झाडी तोडणे आणि निशाण उभारणे, ही कामे आधी केली जात. मगच मोठे यंत्र वर चढत असे.

ही कामे करणाऱ्या खलाशांची आणि ओझेवाल्यांची नावे इतिहासाने फारशी नोंदवून ठेवलेली नाहीत. परंतु बंगळूरजवळच्या सावनदुर्गासारख्या खडकाळ माथ्यांवरची मोजणी त्यांच्या खांद्यांवरच उभी राहिली. डोंगराळ भागातील लोकांच्या मनात या मंडळींविषयी संशयही असे. किल्ल्यांवर, देवस्थानांच्या टेकड्यांवर परके लोक दुर्बीण घेऊन का चढतात, असे त्यांना वाटे. ज्या देशात ठाण्यामागून ठाणे कंपनीच्या ताब्यात जात होते, तेथे हा संशय अस्थानी म्हणता येत नाही.

पहिली काही वर्षे पूर्व-पश्चिम साखळीत गेली. मद्रास ते मंगळूर हे अंतर जुन्या नकाशांत दाखवले होते त्यापेक्षा सुमारे चाळीस मैलांनी कमी भरले. त्यानंतर लॅम्बटन यांनी ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या जवळून उत्तर-दक्षिण जाणारी मोठी साखळी हाती घेतली. तिलाच पुढे महाचाप असे नाव मिळाले.

तंजावरची कसोटी

१८०८ मध्ये लॅम्बटन यांचे काम कावेरी नदीच्या खोऱ्यात आले. येथे त्यांच्यापुढे नवाच पेच उभा राहिला. तंजावरच्या आसपास जमीन सपाट आहे. भातखाचरे, कालवे आणि नारळी-ताडांची बने यांपलीकडे दृष्टी पोहोचत नाही. चढायला डोंगरच नाही, तर त्रिकोणाचा कोपरा धरावा कोठे? या प्रदेशात उंच होती ती देवळांची गोपुरे आणि शिखरे. लॅम्बटन यांनी त्यांचाच आधार घेण्याचे ठरवले.

त्यांत सर्वांत उंच होते तंजावरचे बृहदीश्वर मंदिर. चोळ सम्राट राजराज याने सुमारे १०१० मध्ये हे मंदिर पूर्ण केले. त्याचे शिखर २०० फुटांहून अधिक उंच आहे. मराठी वाचकांना हे मंदिर आणखी एका कारणाने जवळचे वाटते. तंजावरवर त्या वेळी भोसले घराण्यातील सरफोजी राजे दुसरे यांची गादी होती. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला होता. परंतु किल्ला आणि त्याचा परिसर राजांकडे राहिला होता. १८०३ मध्ये याच मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला. विद्येची आवड असलेल्या या राजाने सरस्वती महाल ग्रंथालयही समृद्ध केले. अशा या नगरीत लॅम्बटन आपले यंत्र घेऊन आले.

यंत्र शिखरावर चढवण्यासाठी दोर आणि कप्प्या लावण्यात आल्या. यंत्र भिंतीवर आदळू नये म्हणून ते बाजूने ओढून धरणारा दोरही बांधला होता. यंत्र वर जात असताना तो दोर निसटला आणि यंत्र वेगाने मंदिराच्या दगडी भिंतीवर जाऊन आदळले. कोन मोजण्याची जी चकती अत्यंत अचूक असायला हवी, तीच वाकडी झाली. त्या चकतीला केसाइतका बाक आला, तरी चाळीस मैलांवरची जागा चुकते. येथे तर तिचा आकारच बिघडला होता.

हिंदुस्थानात तसे दुसरे यंत्र नव्हते. इंग्लंडहून नवे मागवायचे, तर ते येईपर्यंत काम दीर्घकाळ अडून पडले असते. कामाचा विरोध करणाऱ्यांनाही आयते निमित्त मिळाले असते. लॅम्बटन यांचे वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे होते. यंत्र निकामी ठरवून काम थांबवले असते, तरी त्यांना कोणी दोष दिला नसता.

त्यांनी तसे केले नाही. यंत्र त्रिचनापल्लीला नेऊन त्यांनी स्वतःला एका तंबूत कोंडून घेतले. निवडक कारागिरांखेरीज कोणालाही आत प्रवेश नव्हता. त्यांनी यंत्राचा प्रत्येक भाग सुटा केला. एका मोठ्या सपाट फळीवर चकतीच्या मूळ मापाचे वर्तुळ कोरून घेतले. मग पाचरी, स्क्रू आणि कप्प्या यांच्या साहाय्याने वाकलेली कड थोडी थोडी ताणत त्या वर्तुळात बसवली. वाकलेले आरे लहान लाकडी हातोड्यांनी हलकेच ठोकून सरळ केले. हे काम सहा आठवडे चालले. शेवटी यंत्र जवळजवळ मूळ आकारात आले आणि मोजणी पुन्हा सुरू झाली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८०९ मध्ये, त्रिकोणांची साखळी कन्याकुमारीच्या जवळ पोहोचली. दुरुस्त केलेले ते यंत्र पुढेही अनेक वर्षे वापरात होते.

ऋतूची निवड

डोंगर कोणता, या प्रश्नाइतकाच कठीण होता डोंगरावर केव्हा जावे हा प्रश्न. उन्हाळ्यात हवेत धूळ असते. तापलेल्या जमिनीवरून हवेच्या लहरी उठतात आणि दूरचे निशाण थरथरत असल्यासारखे दिसते. पाऊस पडला की हवा धुऊन निघते. पावसाच्या सरींमध्ये जेव्हा उघडीप होते, तेव्हा चाळीस मैलांवरचा माथाही स्वच्छ दिसतो. म्हणून मोजणीसाठी पावसाळा आणि त्यालगतचे महिने सोयीचे ठरत.

परंतु डोळ्यांना सोयीचा असलेला हा काळ शरीराला घातक होता. पावसाळ्यात नद्यांना पूर येत, वाटा चिखलाने बंद होत आणि जंगलात हिवताप पसरे. हिवताप डासांमुळे पसरतो, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. जंगलातील दूषित हवेमुळे तो होतो, असा समज होता.

१८१८ मध्ये या कार्याला हिंदुस्थानचे महान त्रिकोणमितीय सर्वेक्षण असे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट हे तरुण अधिकारी लॅम्बटन यांचे साहाय्यक म्हणून आले. पुढच्या वर्षी कृष्णा आणि गोदावरी या नद्यांमधील जंगलात पावसाळ्यात काम करताना एव्हरेस्ट यांच्या पथकातील सुमारे दीडशे माणसे तापाने आजारी पडली. त्यांपैकी काहींचे प्राण गेले. स्वतः एव्हरेस्ट यांना प्रकृती सुधारण्यासाठी आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत जावे लागले. निर्मळ हवेची किंमत माणसांना अशा रीतीने मोजावी लागली.

या अनुभवातून एव्हरेस्ट यांनी पुढे पद्धत बदलली. कोरड्या ऋतूत रात्रीच्या वेळी दूरच्या ठाण्यांवर दिवे लावायचे आणि दिवसा आरशाने सूर्याचा प्रकाश परावर्तित करायचा, अशी योजना त्यांनी केली. त्यामुळे पावसाळ्यावर अवलंबून राहण्याची गरज कमी झाली. चुकीच्या ऋतूत माणसांना जंगलात पाठवण्यापेक्षा योग्य ऋतूसाठी नवे साधन शोधणे श्रेयस्कर, हा धडा त्यातून मिळाला.

अखेरचा प्रवास

लॅम्बटन मात्र थकत चालले होते. १८१५ पर्यंत त्यांची साखळी बीदरपर्यंत पोहोचली होती. दक्षिणेच्या टोकापासून तेथपर्यंत सुमारे दहा अक्षांशांचे अंतर त्यांनी मोजले होते. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ एवढे लांब अंतर तोपर्यंत कोणी मोजले नव्हते. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, या मताला त्यामुळे बळकटी मिळाली. १८१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. ज्या फ्रान्सशी त्यांच्या देशाचे पूर्वी युद्ध झाले होते, तेथील विज्ञान अकादमीनेही त्यांचा गौरव केला. परंतु हे मान मिळाले तेव्हा ते बहुतेक काळ छावणीतच राहत होते. मायदेशी ते कधीच परतले नाहीत.

१८२२ च्या सुमारास त्यांचे पथक वऱ्हाडात अचलपूरच्या परिसरात पोहोचले. सर्वेक्षणाचे मुख्य ठाणे हैदराबादहून नागपूरला हलवायचे ठरले. लॅम्बटन यांना तेव्हा क्षयाने ग्रासले होते. तरीही ते छावणीबरोबर उत्तरेकडे निघाले. नागपूर सुमारे पाऊणशे किलोमीटरवर राहिले असताना, २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. तेथेच त्यांचे दफन करण्यात आले. तोपर्यंत सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैल प्रदेशाची त्रिकोणमितीय मोजणी त्यांच्या देखरेखीखाली झाली होती.

हिमालयाच्या पायथ्याशी

लॅम्बटन यांनी हिमालय कधी पाहिला नाही. त्यांचे काम एव्हरेस्ट यांनी पुढे नेले आणि १८४१ पर्यंत ते डेहराडूनच्या परिसरात पोहोचवले. गंगेच्या मैदानात त्यांनाही तंजावरसारखाच पेच पडला. तेथे डोंगर नव्हते, म्हणून त्यांनी उंच बुरूज बांधून घेतले.

त्यानंतर याच मोजणीच्या आधारे हिमालयाची शिखरे मोजली गेली. नेपाळमध्ये परकीयांना प्रवेश नव्हता. म्हणून शंभर मैलांहून अधिक अंतरावरच्या मैदानातून, पावसाळा संपून आकाश निवळल्यावर, शिखरांकडे दुर्बिणी रोखण्यात आल्या. या निरीक्षणांच्या गणितात राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचा मोठा वाटा होता. १८५६ मध्ये पंधराव्या क्रमांकाच्या शिखराची उंची २९,००२ फूट असल्याचे जाहीर झाले. त्याला एव्हरेस्ट यांचे नाव देण्यात आले. नेपाळ आणि चीन यांनी २०२० मध्ये जाहीर केलेली या शिखराची उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे २९,०३१ फुटांहून थोडी अधिक आहे. दूरच्या मैदानातून केलेली जुनी मोजणी तिच्यापासून केवळ तीसेक फुटांनी कमी भरते.

जगातील सर्वोच्च शिखराला एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. लॅम्बटन यांचे नाव कोणत्याही मोठ्या शिखराला मिळाले नाही. हिंगणघाटातील कबर हीच त्यांची खूण राहिली. परंतु हिमालयाच्या उंचीची पहिली पायरी सपाट तंजावरच्या परिसरात, एका वाकलेल्या चकतीला पुन्हा गोल करताना टिकून राहिली, हे विसरता येत नाही.

आजही गिरिभ्रमणासाठी निघणारे लोक पावसाळ्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर हे महिने पसंत करतात, कारण तेव्हा आकाश निरभ्र असते आणि शिखरे स्पष्ट दिसतात. आज त्यांच्याजवळ नकाशे, हवामानाचे अंदाज आणि औषधे असतात. लॅम्बटन यांच्या पथकाजवळ यांतले फारसे काही नव्हते. डोंगर आणि ऋतू यांची निवड केवळ स्वतःपुरती नसते. बरोबरच्या ओझेवाल्याचे प्राणही तिच्यावर अवलंबून असतात, ही जाणीव त्यांच्या जीवनकथेतून होते.

शब्दार्थ

आधाररेषा – मोजणीचा पाया म्हणून प्रत्यक्ष मोजलेली रेषा
खलाशी – मोजणीच्या पथकातील कामगार
महाचाप – पृथ्वीच्या गोलाईवरील मोठा वक्र भाग
आरे – चाकाच्या मध्यापासून कडेपर्यंत जाणारे दांडे
उघडीप – पाऊस थांबून आकाश मोकळे होणे
हिवताप – थंडी वाजून येणारा ताप, मलेरिया

स्वाध्याय

१. मोजणीसाठी डोंगर निवडताना लॅम्बटन यांना कोणत्या गोष्टींचा विचार करावा लागे?
२. तंजावर येथे यंत्र मंदिराच्या शिखरावर चढवण्याची गरज का पडली?
३. पावसाळा मोजणीला सोयीचा, पण माणसांना घातक होता. हे विधान उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या डोंगरावर जायचे असल्यास कोणता महिना निवडाल? कारणांसह आठ-दहा ओळी लिहा.